पहिली दुर्बीण फोटोसाठी घेऊ नका

ऑनलाइन दुकानात 'टेलिस्कोप' असं टाइप केलं की पहिल्या रांगेत जी खोकी दिसतात, त्यांच्यावर एक आकडा हमखास असतो: ५२५ पट. आकड्याशेजारी शनीची कडी, मागे जांभळा-गुलाबी तेजोमेघ, आणि डोळा लावून बसलेला एक हसरा मुलगा. खाली लिहिलेलं असतं, 'शिकाऊंसाठी उत्तम. मोबाइल होल्डर मोफत.' किंमत चार-पाच हजार. वाढदिवस जवळ आलेला असतो, मुलगी महिनाभर मागे लागलेली असते किंवा आपल्यालाच पहिला पगार झालेला असतो. खोकं घरी येतं, दोन-तीन रात्री गच्चीवर जातं आणि मग माळ्यावर.

माळ्यावर नुसते पाच हजार रुपये जात नाहीत. 'आकाश बघणं आपल्याला काही जमत नाही' हा एक निष्कर्षही तिथे जाऊन पडतो. दुर्बीण वाईट होती हे कुणी सांगत नाही. मुलीला वाटतं, आपल्यालाच दिसलं नाही. माझं भांडण आहे ते या निष्कर्षाशी. तो तीन गैरसमजांवर उभा आहे: दुर्बीण म्हणजे झूम, शिकाऊ माणसाला कामचलाऊ वस्तू पुरते, आणि आकाश बघितल्याचा पुरावा म्हणजे फोटो. तिन्ही मोडून काढायला हवेत.

५२५ कुठून आले?

हिशेब सोपा आहे. दुर्बिणीच्या भिंगाचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे वर्धन. खोक्यातल्या नळीचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर आणि सोबतचा सगळ्यात बारीक आयपीस ४ मिलिमीटरचा. झाले १७५ पट. त्यात तीन पटींची एक प्लास्टिकची बार्लो लेन्स टाकली, की १७५ गुणिले ३ बरोबर ५२५. गणित बरोबर, वस्तू निरुपयोगी.

कारण दुर्बिणीचं काम मोठं करून दाखवणं हे नाहीच. तिचं पहिलं काम प्रकाश गोळा करणं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त ७ मिलिमीटरच्या आसपास उघडते. १५० मिलिमीटरचा आरसा तिच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो, कारण प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खोक्यातलं भिंग असतं ६० मिलिमीटरचं. गोळा केलेला तेवढाच प्रकाश तुम्ही जितका ताणाल, तितकं चित्र अंधूक आणि फुसकं होणार. पोळीचा गोळा तेवढाच ठेवून ती ताटाएवढी लाटली तर जे होतं, तेच.

अनुभवी निरीक्षकांचा ढोबळ नियम असा की, भिंगाच्या दर मिलिमीटरमागे दोन पट एवढंच उपयोगी वर्धन मिळतं. म्हणजे ६० मिलिमीटरला १२० पट. त्यातही आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते. बहुतेक रात्री २०० ते २५० पटींपुढे कितीही महाग दुर्बीण नेली, तरी ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. ५२५ पटींना दृष्टिक्षेत्र चंद्राच्या व्यासाच्या पाचव्या भागाएवढं उरतं. त्यात काही सापडणं नशिबावर, आणि सापडलं तरी पृथ्वी फिरत असल्याने काही सेकंदांत ते निसटणार.

आता उलट बाजू बघा. शनीची कडी तीस-चाळीस पटींना कडी म्हणून ओळखू येतात. गुरूचे चार मोठे चंद्र दहा पटींच्या बायनॉक्युलरमधून दिसतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत ते पाहिले, तेव्हा त्याच्या दुर्बिणीचं वर्धन वीस पटींच्या आसपास होतं. कृत्तिका पूर्ण पाहायच्या असतील तर जास्त वर्धन आड येतं. देवयानी दीर्घिका तर आकाशात सहा चंद्र एका ओळीत मांडावेत एवढी लांब पसरली आहे. म्हणून खोक्यावर झूमचा आकडा मोठ्या अक्षरात आणि भिंगाचा व्यास बारीक अक्षरात असेल, तर तिथेच खरेदी थांबवा.

अजून एक सापळा सांगून ठेवतो. ११४ मिलिमीटरचा आरसा, नाभीय अंतर १००० मिलिमीटर, आणि नळी मात्र जेमतेम अर्ध्या मीटरची. वर्णन वाचून वाटतं, व्वा, आटोपशीर आहे. प्रत्यक्षात नळीच्या आत एक जास्तीचं भिंग बसवून नाभीय अंतर ताणलेलं असतं. स्वस्त दुर्बिणींत हे भिंग बहुधा सुमार असतं, चित्र कधी नीट धारदार होत नाही, आणि आरसे जुळवणंही अवघड होऊन बसतं. नळीची लांबी नाभीय अंतरापेक्षा खूपच कमी आणि किंमतही कमी, असं दिसलं की सावध व्हा.

'शिकाऊंसाठी' म्हणजे काय?

सायकल शिकणाऱ्या पोराला आपण डुगडुगत्या चाकाची सायकल देत नाही. तबला शिकणाऱ्याला फाटक्या पुडीचा तबला देत नाही. दुर्बिणीच्या बाजारात मात्र 'शिकाऊ' या शब्दाचा अर्थ झाला आहे 'याला काय कळतंय'. अनुभवी माणूस डळमळीत स्टँडवरही हात सावरून, श्वास रोखून काहीतरी बघून घेईल. नवख्याला ते जमणार नाही. चांगल्या वस्तूची जास्त गरज नवख्याला असते, आणि वाईट वस्तू विकली जाते त्यालाच.

सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे स्टँड. शंभर पट वर्धन म्हणजे नळीचं थरथरणंही शंभर पट. काडीसारख्या ॲल्युमिनियमच्या ट्रायपॉडवर फोकसच्या चाकाला बोट लागलं की शनी नाचायला लागतो, आणि तो थांबेपर्यंत दृष्टिक्षेत्राबाहेर गेलेला असतो. काही खोक्यांत तर 'इक्वेटोरियल माउंट' देतात. नाव भारदस्त. त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो, वजनं तोलायची असतात. मजबूत असेल तर उत्तम यंत्र आहे ते. स्वस्त आणि हलकं असेल तर नवख्याच्या संयमाची परीक्षा.

यावर उत्तर शोधणारा माणूस कंपनीवाला नव्हता, संन्यासी होता. जॉन डॉब्सन, जन्म १९१५, बीजिंगचा. १९४४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत दाखल झाला. स्वामी विवेकानंदांनी १९०० मध्ये सुरू केलेली ही संस्था. मठात राहून डॉब्सनने टाकाऊ सामानातून दुर्बिणी बनवल्या. जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून आरसे, पुठ्ठ्याच्या नळकांड्या, प्लायवुडची पेटी. गिअर नाहीत, मोटर नाही. तोफ जशी गाड्यावर वर-खाली आणि डावी-उजवी होते, तशी ही नळी हाताने ढकलायची. दुर्बिणींच्या नादात मठाची कामं राहतात, म्हणून १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र आणि शनी दाखवणाऱ्यांची टोळी उभी राहिली. आज 'डॉब्सोनियन' नावाने जी दुर्बीण जगभर विकली जाते, ती या माणसाची.

तिच्यात पैसे जातात कुठे? आरशात. बाकी सगळं लाकूड. म्हणूनच तेवढ्याच पैशात तिच्याइतका मोठा आरसा दुसऱ्या कुठल्या प्रकारात मिळत नाही, आणि ती हलतही नाही. शिकाऊंसाठी खरी दुर्बीण हीच. पण खोक्यावर छापायला तिच्याकडे ५२५ नाही, आणि फोटोसाठी ती फारशी कामाची नाही. आणि इथेच खरी अडचण सुरू होते.

फोटोचं काय?

आज दुर्बीण घ्यायला निघालेल्या तरुणाचा पहिला प्रश्न असतो, 'यातून फोटो येतात ना?' प्रश्न स्वाभाविक आहे. इन्स्टावर रोज कुणाचा तरी मृग नक्षत्रातला तेजोमेघ पेटलेला दिसतो. पण तो फोटो काढणाऱ्याने काय केलं आहे, हे त्या चौकोनात दिसत नाही.

आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. गुरूची तबकडी साधारण ४५ विकलांची. म्हणजे तीन सेकंदांत आकाश गुरूच्या रुंदीएवढं पुढे जातं. मिनिटभराचं एक्स्पोजर हवं, तर त्या वेगाने तंतोतंत मागे फिरणारं यंत्र हवं, आणि ते यंत्र नळीपेक्षा महाग असतं. तेजोमेघांच्या फोटोसाठी लहान नाभीय अंतराची नळी, मजबूत फिरतं माउंट, कित्येक मिनिटांची किंवा तासांची एक्स्पोजर आणि मग कॉम्प्युटरवर ती एकावर एक रचणं. ग्रहांच्या फोटोसाठी नेमकं उलटं: लांब नाभीय अंतर, व्हिडिओ, हजारो फ्रेम, आणि त्यातल्या हवा स्थिर असतानाच्या निवडक फ्रेमची बेरीज. आकाशगंगेच्या पट्ट्याच्या फोटोला तर दुर्बीणच लागत नाही. कॅमेरा, रुंद लेन्स, साधा ट्रायपॉड आणि काळोख पुरे. हे तीन वेगळे छंद आहेत, तिघांची सामग्री वेगळी. 'बघायलाही चांगली आणि फोटोलाही चांगली' अशी पाच हजारांची दुर्बीण म्हणजे गोठ्यातही चालणारी आणि रेसकोर्सवरही पळणारी म्हैस.

पण माझा आक्षेप खर्चापेक्षा खोल आहे. फोटोची अपेक्षा घेऊन आयपीसला डोळा लावणारा माणूस आधीच हरलेला असतो. मंद प्रकाशात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाहीत. मृगातला तेजोमेघ डोळ्याला राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो. देवयानी म्हणजे धुरकट ठिपका. ज्याला जांभळा-गुलाबी हवा होता तो म्हणतो, 'एवढंच?'

हे 'एवढंच' किती फसवं असतं त्याचं एक उदाहरण देतो. चाळीस पट वर्धनाला गुरूची तबकडी नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढी दिसते. मोजून खात्री करता येते. तरी पहिल्यांदा बघणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, 'किती लहान!' डोळा चुकत नाही, त्याला सवय नसते. दहा मिनिटं बसलात की आधी एक पट्टा दिसतो, मग दुसरा. हवा क्षणभर थांबते आणि पट्ट्याच्या कडेला काहीतरी खाच आहे असं वाटतं. पुन्हा थांबते आणि ती खरंच असते. मंद गोष्टीकडे थेट न बघता किंचित बाजूला बघितलं की ती उजळते, हे शिकावं लागतं. काळोखाला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एकदा फोन उघडला की ती मेहनत वाया. हे तुम्ही फोनवरच वाचत असाल, म्हणून मुद्दाम सांगतो.

बघणं ही कमवायची गोष्ट आहे. फोटोत बघण्याचं काम सेन्सर करतो. देवयानीतून पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर येऊन थांबतो. त्या प्रकाशाचा प्रवास तुमच्यात संपतो. असा अनुभव इतका स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळतो, हे मला माहीत नाही. तो 'कंटेंट' होत नाही म्हणून कमी दर्जाचा ठरवणं हा आपल्या काळाचा दरिद्रीपणा आहे.

'पण स्मार्ट टेलिस्कोप?'

या युक्तिवादाला एक दमदार उत्तर आहे, आणि ते टाळणं अप्रामाणिक होईल. गेल्या काही वर्षांत सीस्टारसारख्या छोट्या स्मार्ट दुर्बिणी आल्या. ५० मिलिमीटरचं भिंग, आत कॅमेरा, स्वतः आकाश ओळखून वळणारं माउंट. फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत तेजोमेघ रंगीत होऊन समोर. ठाण्या-पिंपरीच्या उजेडात डोळ्याला जे कधीच दिसणार नाही, ते हिला दिसतं. ज्यांची नजर अधू आहे किंवा ज्यांना वाकून आयपीसला डोळा लावता येत नाही, त्यांच्यासाठी ही खरोखर मोठी गोष्ट आहे. वर्गातल्या चाळीस मुलांना एकाच वेळी दाखवायचं तर हिच्यासारखं साधन नाही.

हे सगळं मान्य. माझं म्हणणं एवढंच की, तो उत्तम कॅमेरा आहे आणि कॅमेरा म्हणूनच घ्या. तिला आयपीस नाही. लहान नाभीय अंतरामुळे ग्रह तिच्यात इवलेसे येतात. आणि आकाश तिला ओळखता येतं, तुम्हाला नाही. मॅपच्या आवाजावर वर्षभर गाडी चालवलेल्या माणसाला आपल्याच शहराचे रस्ते माहीत नसतात, तसं हे. स्वाती कुठे, ज्येष्ठा कुठे, मूळ नक्षत्राच्या शेपटीजवळचे तारकागुच्छ कसे गाठायचे, हे पायी फिरून कळतं. एकदा कळलं की मग हवं ते यंत्र घ्या, ते तुमचं नोकर राहील.

जुन्याजाणत्यांचंही चुकतं

दुसऱ्या टोकाला काही ज्येष्ठ निरीक्षक आहेत. दुर्बिणीचं नाव काढलं की म्हणतात, 'आधी दोन वर्षं नुसत्या डोळ्यांनी बघा.' हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण तो अंधाऱ्या अंगणात वाढलेल्या पिढीचा आहे. मुंबई-पुण्यात जन्मलेल्या मुलीला नुसत्या डोळ्यांनी वीस-पंचवीस तारे दिसतात. त्यावर दोन वर्षं काढायला सांगणं म्हणजे तिला सभ्य शब्दांत घरी पाठवणं. तिला आजच काहीतरी दिसलं पाहिजे. फक्त ते खरं असलं पाहिजे.

म्हणून माझा क्रम असा. पहिल्या महिन्यात काही विकत घेऊ नका, एक रात्र मागून घ्या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराची आकाशदर्शनं करत आलं आहे. तिथे चार प्रकारच्या दुर्बिणींतून बघा, प्रश्न विचारा, वजन उचलून बघा. मग १० बाय ५० चा बायनॉक्युलर घ्या. हात थरथरत असतील तर ७ बाय ५०. लोकलने किंवा स्कूटरवर नेता येईल असं हे एकमेव चांगलं साधन, आणि पुढे कितीही मोठी दुर्बीण आली तरी हे वाया जात नाही. पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ, कृत्तिका, आकाशगंगेचा पट्टा याच्यातूनच खुलतो.

त्यानंतर सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरची डॉब्सोनियन. एका बऱ्या फोनच्या किमतीत बसते. आठ इंची आणखी चांगली, पण तिचं वजन वीस किलोच्या घरात जातं. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर राहत असाल तर सहा इंचीच घ्या किंवा टेबलावर ठेवायची १३० मिलिमीटरची. जी बाहेर काढायचा कंटाळा येतो ती दुर्बीण कितीही मोठी असली तरी लहानच. पावसाळ्याचे चार महिने ती घरात राहणार, तेव्हा आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. विशेषतः कोकणात आणि मुंबईत, नाहीतर काचेवर बुरशी येते. आणि आयपीसला स्क्रूने बसणारा 'सन फिल्टर' सोबत आला असेल तर तो फोडून फेकून द्या. उष्णतेने तो बघता बघता तडकू शकतो, आणि डोळा कायमचा जातो. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडाला लागतो, मागे नाही.

मग लग्नात भटजी दाखवतात त्या अरुंधतीकडे दुर्बीण वळवा. शेजारचा वसिष्ठ स्वतःच दोन तारे आहे, हे डोळ्याला कधीच कळणार नाही. दुर्बिणीत लगेच कळतं. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे कड करून होती, आता दरवर्षी थोडी थोडी उघडत २०३२ च्या सुमारास पूर्ण पसरतील. एकच दुर्बीण घेऊन सात वर्षं हे बघता येतं. आणि हो, आयपीसवर फोन धरून चंद्राचा फोटो जरूर काढा. छान येतो. फक्त आधी चंद्र बघा.

गच्चीची किल्ली

शेवटी एक गोष्ट, जी कुठल्याच खोक्यात मिळत नाही. आपल्या सोसायट्यांच्या गच्चीला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरीकडे, आणि रात्री दहानंतर गच्चीवर जायला मुलग्याला 'कशाला?' विचारतात, मुलीला सरळ 'नाही' म्हणतात. रस्त्यावरचे एलईडी दिवे रस्त्यापेक्षा आकाश जास्त उजळतात, कारण त्यांच्यावर टोपी नाही. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ही मान्यता मिळाली. आनंद आहे. पण अंधार बघायला वाघासारखं जंगलात जावं लागणार असेल, तर आपण काहीतरी गमावून बसलो आहोत.

दुर्बीण ही खाजगी खेळण्याची वस्तू समजल्यामुळे आपण या प्रश्नांवर कधी भांडलोच नाही. दहा घरांनी पैसे काढून एक आठ इंची डॉब्सोनियन घेतली, तर किल्ली मागायला दहा जण जातील. त्यांत चार मुली असतील, आणि सेक्रेटरीला एकदा शनी दाखवला की पुढचं भांडण सोपं होईल. नगरसेवकाकडे दिव्याला टोपी मागायला तेच दहा जण जातील. डॉब्सनने दुर्बीण फुटपाथवर आणली ती यासाठीच. येणाऱ्या-जाणाऱ्याने रांगेत उभं राहून डोळा लावावा म्हणून.

म्हणून खरेदीच्या यादीत पहिली ओळ झूमची नको, फोटोचीही नको. पहिली ओळ अशी लिहा: 'ही दुर्बीण मी कुणाकुणाला दाखवणार?' दोन-चार नावं सुचली की पुढचा हिशेब मांडायला घ्या.